पिवळा कापश्या

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून पोळा लांबत लांबत सप्टेंबरच्या मध्यावर जाऊन पडला. नागपूरच्या लोकांना ते साल आठवतं ते पोळ्यानंतर आठ-नऊ दिवसांत नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं म्हणून. पण गांधीबागेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयवंताबाईंना विचारा. त्या पुराचं नावही काढणार नाहीत. "तेवीस साल? कापश्या हरवला थे साल," एवढंच म्हणतील.

कापश्या म्हणजे त्यांच्या घरचा कुत्रा. लॅब्रेडॉर जातीचा, अंगानं भरलेला, आणि नुकत्याच वेचलेल्या बोंडासारखा पांढरा. पिल्लू घरी आलं तेव्हा नात चिन्मयी त्याचं नाव 'स्नोई' ठेवायला निघाली होती. जयवंताबाई म्हणाल्या, "आपल्याकडं बर्फ कुठं पडते वं? आपल्याकडं कापूस पिकते." झालं, कापश्या.

जयवंताबाई मूळच्या काटोलकडच्या. यजमान गेल्यावर शेत पुतण्याकडं सोपवून त्या मुलाकडं, रोहितकडं, नागपुरात आल्या. शेवटची बैलजोडीही पुतण्याच्याच गोठ्यात गेली. येताना ट्रंकेत चार लुगडी, यजमानांचा फोटो आणि धवळ्या बैलाची घुंगरमाळ, एवढंच आणलं होतं. शहरात जनावराशी बोलायची सवय सुटेल असं त्यांना वाटलं होतं. कापश्यानं ती सुटू दिली नाही.

आता या गोष्टीत विमा कुठून आला, ते सांगायला हवं. खालच्या मजल्यावर चंपतराव राहत. माणसांचा, गाड्यांचा, दुकानांचा, सगळ्यांचा विमा ते उतरवून देत. एक दिवस ते वर आले आणि कापश्याकडं गिऱ्हाइकासारखं पाहू लागले.

"कुत्र्याचा विमा?" जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "चंपतभाऊ, उद्या तुम्ही माह्या तुळशीचाही काढान."

"काढतो ना वहिनी! तुळशीबाईंची जन्मतारीख सांगा फक्त."

सून वंदना मात्र हसली नाही. ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात हिशेब विभागात होती. पैशांच्या खिडकीशी उभे असलेले लोक 'ही तपासणी करू का नको' म्हणून एकमेकांच्या तोंडाकडं कसे पाहतात, ते ती रोज पाहायची. तिनं त्याच दिवशी विमा उतरवला. चंपतरावांनी कापश्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतले, एखाद्या नवरदेवाचे घ्यावेत तसे.

वर्ष झालं असेल-नसेल, कापश्याला पहिली फिट आली. चारही पाय ताठ, तोंडाला फेस, डोळे भलतीकडेच. जयवंताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "विमा काढला की दुखणं पत्ता विचारत येते," असंही त्या बोलून गेल्या. पण नंतरच्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट पाहिली. डॉक्टरांनी रक्त तपासायचं म्हटलं, वंदना म्हणाली तपासा. दोन रात्री ठेवायचं म्हटलं, वंदना म्हणाली ठेवा. नवराबायकोत एकदाही कुजबुज झाली नाही. कापश्या घरी आला तेव्हा वंदना सोफ्यावर बसल्या बसल्याच झोपून गेली, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. तेव्हापासून जयवंताबाई चंपतरावांना चहाबरोबर चिवडाही देऊ लागल्या.

डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, "सकाळ-संध्याकाळ गोळी, जन्मभर. एकही चुकवायची नाही. चुकली तर फिट पुन्हा येईल, आणि लागोपाठ आल्या तर जनावर हाती लागणार नाही." जयवंताबाईंनी ते काम कोणालाच करू दिलं नाही. भाकरीच्या तुकड्यावर साय, सायीत गोळी. दिवेलागणीला आधी कापश्या, मग देव.

तर तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, घरोघरी बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून काहीबाही ठेवतात. त्याच दिवशी शहरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन अजस्र बाहुल्या, मागं बडग्यांचे, म्हणजे लोकांच्या रागातल्या माणसांचे पुतळे, ढोल, फटाके, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी. इतवारी-गांधीबागेत त्या दिवशी मुंगीलाही पाय ठेवायला जागा नसते.

रोहित शहराबाहेर मिहानमध्ये कामावर गेला होता. दवाखान्याला सुटी कुठली, म्हणून वंदनाही गेली होती. घरात आजी, नात आणि कापश्या. दहा वर्षांची चिन्मयी फुरंगटून बसली होती, कारण तिच्या लाकडी बैलाचं चाक निखळलं होतं.

"काहून रडून राहिली?" जयवंताबाई म्हणाल्या. "लाकडाचा मोडला तं मोडला. हा जिता बसला आहे ना समोर!"

चिन्मयीनं कापश्याकडं पाहिलं. कापश्यानं शेपटी हलवली. बेत ठरला.

जयवंताबाईंना कसा हुरूप चढला म्हणता! कित्येक वर्षांत खांदमळणी केली नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, वर्षभर जू वाहून तो खांदा सोललेला असतो म्हणून. यजमान बैलाचं तोंड धरायचे आणि त्या चोळायच्या. बैल डोळे मिटून उभा राहायचा. त्यांनी वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, कापश्याचा लाल पट्टा मध्ये येतो म्हणून काढून खुंटीला लावला, आणि खांद्यावर हात फिरवला. कापश्यानंही डोळे मिटले.

"आजी, नुसते खांदे काय? पूर्ण करू ना!" चिन्मयी म्हणाली.

"कर."

पोरीनं दोन्ही हातांनी पाठ, पोट, शेपटी, कान, काही म्हणून सोडलं नाही. वाटी सरली, दुसरी कालवली. शेवटी जयवंताबाईंनी ट्रंकेतून घुंगरमाळ काढून त्याच्या गळ्यात घातली. कापश्यानं अंग झटकलं आणि घर छुमछुमलं.

तिघं खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी एक बडग्या नाचत आला होता. कोणीतरी फटाक्यांची लड लावली, ती नेमकी यांच्या पायाशी. धडाधड धडाधड! चिन्मयीनं माळ सोडून कान झाकायला हात वर केले, आणि कापश्या सुटला. माणसांच्या पायांतून, हातगाडीखालून, छुमछुमछुमछुम... आणि मग तो आवाज ढोलात बुडून गेला.

"कापश्या! अगा कापश्या!"

कोण ऐकतो!

चंपतराव गंजीफ्रॉकवर सदरा चढवतच बाहेर आले. जयवंताबाईंनी चिन्मयीचा हात घट्ट धरला. त्या ओट्यावर बसल्या. "चंपतभाऊ, दिवेलागणीच्या आत सापडला पाहिजे. सकाळची गोळी संध्याकाळलोक पुरते, पुढं नाही. त्यात हा धूमधडाका. फिट येईन त्याले, आणि पायाखाली तुडवतील लोक!"

घाबरायच्या ऐवजी चंपतराव ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. "वहिनी, तुम्ही काही फिकर करू नका. आपल्या पॉलिसीत हरवलेल्या जनावराच्या जाहिरातीचा खर्च बसते! इतक्या वर्षांत कोनी वापरला नाही. आज आपण वापरू!"

आणि खरोखरच थोड्या वेळात त्यांनी पिंटूचा ऑटो आणून उभा केला. पिंटू म्हणजे पन्नाशीला टेकलेला, मिशा रंगवणारा गडी. सेलच्या, साड्यांच्या जाहिराती भोंग्यावर करत तो शहरभर फिरायचा. पुढं चंपतराव माईक घेऊन, मागं आजी-नात. जयवंताबाईंनी संध्याकाळची गोळी पदराच्या गाठीत बांधून घेतली होती.

"ऐका नागपूरकर! कापश्या नावाचा कुत्रा हरवलेला आहे! रंग पांढराशुभ्र, गळ्यात लाल पट्टा! आजारी आहे, औषध चालू आहे! दिसल्यास ताबडतोब कळवा!"

वंदनाला फोन गेला होता. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्कूटरवर निघाली आणि निघता निघता कापश्याचा विम्यासाठी काढलेला तोच फोटो ओळखीच्या साऱ्या ग्रुपांवर टाकून मोकळी झाली. ती ऑटोला येऊन मिळाली, आणि मग फोनवर फोन! इतवारी स्टेशनजवळ पांढरा कुत्रा आहे. धावले, तो पोमेरेनियन निघाला, आणि मालकीणच यांच्यावर भुंकली. मस्कासाथेत पांढरा कुत्रा आहे. धावले; मिठाईच्या दुकानासमोर म्हातारा गावठी कुत्रा झोपला होता. एकानं तर मोठ्या उत्साहानं गल्लीत नेऊन पांढरी बकरी दाखवली.

"दादा, ही बकरी आहे," वंदना म्हणाली.

"पांढरी तं आहे ना ताई!"

दर वळणावर जयवंताबाई ऑटोतून अर्ध्या बाहेर वाकायच्या. डोळे पांढरं काही दिसतंय का ते शोधत होते. पांढरी टोपी दिसली तरी काळीज उडी मारायचं. दुपार कलली. उन्हं दुकानांच्या पाट्यांवर चढली. चंपतरावांचा घसा बसला, तरी ते थांबेनात.

पिंटूनं एका कोपऱ्यावर ऑटो उभा केला आणि मागं वळून पाहिलं. बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी होतं.

"आजी, राग नका मानू, पण कोनाच्या हळदीतून उठून आल्या का तुम्ही दोघी? माह्या सीटचं नवं कव्हर पिवळं करून टाकलं ना!"

जयवंताबाईंनी हाताकडं पाहिलं. दोन्ही तळवे पिवळेधमक, नखांच्या कडेला हळद गोठलेली. शेजारी चिन्मयी कोपरापर्यंत पिवळी. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"अगं माय माय माय," जयवंताबाई म्हणाल्या. "चंपतभाऊ, बंद करा थो भोंगा!"

"काहून? दिसला का?"

"कापश्या पांढरा नाही."

चंपतरावांनी माईक खाली घेतला. "वहिनी, ऊन लागलं तुम्हाले. पाणी प्या."

"ऊन गेलं चुलीत! पिवळा आहे थो. सकाळी आम्हीच खांदमळणी केली. शेपटीलोक पिवळा आहे."

"आणि लाल पट्टा?"

"खुंटीले."

"मग गळ्यात काय?"

"घुंगरमाळ. आमच्या धवळ्याची."

चंपतरावांनी माईक सीटवर आदळला. "म्हणजे मी दुपारपासून अख्ख्या इतवारीले खोटं सांगून राहिलो! वहिनी, अहो, तुमच्या हातानं रंगवलेला कुत्रा, आणि तुम्हीच पांढरा शोधून राहिल्या?"

"माह्या डोळ्याले थो पांढराच दिसते, काय करू!" जयवंताबाईंचा आवाज चिरकला.

वंदना स्कूटरवरून हे ऐकत होती. तिचं तोंड रडू यावं की हसू, अशा बेतात वेडंवाकडं झालं. मग ती एकदम ओरडली, "काका, पाहता काय! नवीन सांगा ना!"

चंपतरावांनी माईक उचलला. बसलेल्या घशातून असा काही आवाज काढला, की दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली.

"ऐका! दुरुस्ती ऐका! कुत्रा पांढरा नाही! कुत्रा पिवळा आहे! संपूर्ण पिवळा! गळ्यात बैलाची घुंगरमाळ!"

आणि मग काय! ज्या चौकात दुपारभर कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं, तिथं चहूकडून हात वर झाले.

"पिवळा? घुंगरवाला? अरे थो!"

"आम्ही त्याले पेढा चारला ना!"

गुलालानं माखलेला एक पोरगा ऑटोला लटकलाच. "काका, आम्हाले वाटलं पिवळ्या मारबतीच्या मंडळाचाच आहे थो! सारे त्याच्यासंग फोटो काढून राहिले होते!" त्यानं मोबाईल पुढं केला. गर्दीच्या मधोमध पिवळाजर्द कापश्या, कान मागं पडलेले, गळ्यात घुंगरमाळेवर झेंडूचा हार. मारबतीच्या मिरवणुकीत मारबतीच्याच रंगाचा कुत्रा, मग कोण त्याला हरवलेला म्हणणार?

"कुकडे गेला? कुकडे?"

"त्या गल्लीत शिरला. घाबरला होता बिचारा."

पिंटूनं ऑटो असा वळवला, की चंपतराव माईकसकट वंदनाच्या स्कूटरवर जायचे राहिले. गल्ली अरुंद. भोंगा भिंतींवर आपटत होता. "पिवळा कुत्रा! घुंगरमाळ!" आणि वरच्या मजल्यावरून एका बाईचा आवाज आला, भोंग्याच्याही वरचढ.

"ओ भोंगेवाले! थांबा गा! थांबा!"

त्या प्रेमिलाबाई. जयवंताबाईंच्याच वयाच्या, ठेंगण्या, गोल. त्या जिना उतरून येईतो बोलतच होत्या. "दुपारपासून तुमचा भोंगा ऐकून राहिली मी! जीव हळहळला, कोणाचं जनावर असंन म्हणून पाच घरी फोन केले, पांढरा कुत्रा दिसला तं धरून ठेवा म्हणून. आणि थो माह्याच घरात बसून!"

"तुमच्याकडं आहे?"

"दारात येऊन उभा राहिला ना! अंगाले हळद, गळ्यात घुंगरं. मी म्हटलं, कोण्या लेकरानं हौसेनं बैल केला. आजच्या दिवशी दारात आलेला बैल, त्याले काय हाकलता? पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी दिली. पण लेकरू काही मागं आलं नाही. आणि फटाका वाजला की हा थरथरे, म्हणून आतल्या खोलीत पंख्याखाली बसवला. पण बाई, आत्ता पाहिलं तं त्याचं तोंड कसं तरी करून राहिलं..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. जयवंताबाईंचे गुडघे गेली तीन वर्षं जिन्याला कुरकुरत होते. त्या दिवशी त्या वंदनाच्या आधी वर पोचल्या.

आतल्या खोलीत कापश्या आडवा पडला होता. कपाळावर कुंकवाचा टिळा. जबडा एका बाजूला खेचला जात होता, पुढचा पाय हवेत पोहल्यासारखा हलत होता.

"फिट आहे वं ही!" प्रेमिलाबाई ओरडल्या आणि कोपऱ्यातली चप्पल उचलून धावल्या. माणसाला फिट आली की चप्पल हुंगवायची, हे त्यांच्या पिढीचं औषध.

"चप्पल नको!" जयवंताबाईंनी त्यांचा हात धरला. "तोंडाजवळ काहीच नको. पडदे लावा. पंखा राहू द्या. थो स्टूल बाजूले घ्या, डोकं आपटंन."

चंपतरावांनी विमा कंपनीचा डॉक्टर फोनवर मिळवला होता. वंदना सांगत होती, पलीकडून आवाज येत होता, बरोबर करताय, हात लावू नका, थांबू द्या, गोळी आत्ता नाही, पूर्ण शुद्धीवर येऊन पाणी प्याला की मगच.

जयवंताबाई जमिनीवर बसल्या. हात लावायचा नाही, म्हणून हात मांडीवर दाबून धरले. बाहेर कुठं तरी लड वाजली. पाय हलतच होता. चिन्मयी आजीच्या पाठीत तोंड खुपसून उभी होती. प्रेमिलाबाईंच्या हातात अजून चप्पल होती.

मग पाय मंदावला. थांबला. कापश्यानं एक लांब श्वास सोडला, जबडा सैल पडला. पुष्कळ वेळ तो तसाच पडून राहिला. आणि मग त्याची पिवळी शेपटी जमिनीवर एकदा आपटली. पुन्हा एकदा.

"आला!" चिन्मयी किंचाळली. "आजी, आला!"

चंपतराव फोनवरच्या डॉक्टरला 'आला, आला' म्हणून ओरडले, जणू मुलगाच झाला. पिंटू दारात डोळे पुसत होता आणि मिशांचा रंग हाताला लागत होता. कापश्या डगमगत उठला, अर्धी बादली पाणी प्याला, आणि सगळ्यांना ओळखायला लागला. तेव्हा जयवंताबाईंनी पदराची गाठ सोडली. प्रेमिलाबाईंनी सायीची वाटी पुढं केली. गोळी पोटात गेली, तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागत होते.

जयवंताबाई सुनेकडं पाहायला धजत नव्हत्या. वंदनाच आली आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. तिचा पांढरा कुर्ता कापश्याला मिठी मारून पिवळा झाला होता.

"आई."

"बोल. जे बोलायचं थे बोल."

"पुढच्या वर्षी पट्टा राहू द्या गळ्यात. त्याच्यावरून काय घालायचं ते घाला."

जयवंताबाईंनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी घरातच ओवाळू. मले नाही जमत वं हे आता."

त्यानंतरची गंमत चंपतराव पुढं कित्येक दिवस सांगत. जाहिरातीच्या खर्चासाठी कंपनीला कळवलं, तर तिथल्या पोरीनं विचारलं, "सर, आमच्याकडं विमा पांढऱ्या कुत्र्याचा आहे. तुमची जाहिरात पिवळ्या कुत्र्याची. हे दोन वेगळे कुत्रे आहेत का?" शेवटी कापश्याच्या आंघोळीचा व्हिडिओ पाठवावा लागला. सुरुवातीला पिवळा, शेवटी पांढरा, आणि मध्ये चंपतराव स्वतः साबण लावताना. कंपनीनं मानलं.

चंपतरावांनी पुढच्या वर्षी धंदा आवरता घेतला आणि ते लेकीकडं अमरावतीला गेले. जाण्याआधी त्यांनी शेवटचा विमा उतरवला तो प्रेमिलाबाईंच्या मांजरीचा. फोटो काढताना त्या मांजरीनं त्यांना बोचकारलं, ते फोनवर अजून सांगतात. पिंटूनं भोंगा काढून टाकला, ई-रिक्षा घेतली आणि मिशा रंगवणं सोडलं. सीटचं पिवळं कव्हर मात्र त्यानं बदललं नाही असं म्हणतात. प्रेमिलाबाई दर गुरुवारी जयवंताबाईंकडं येतात, आणि दोघी मिळून सुनांवर बोलतात. वंदना दवाखान्यात आता विभागप्रमुख आहे. कोणी नवीन कुत्रा आणला की त्याची लस, जंताचं औषध आणि विमा यांबद्दल ती इतकं बोलते, की लोक तिला जिन्यात टाळतात. रोहित त्या दिवशी मिहानमध्ये मीटिंगला होता आणि त्याला हे सगळं रात्री कळलं, हे त्याला घरात अजून ऐकून घ्यावं लागतं. चिन्मयी कबड्डीच्या संघात गेली. तान्ह्या पोळ्याचं नाव काढलं की लाजते.

कापश्या नऊ वर्षांचा होत आला. गोळ्या चालू आहेत, फिट बऱ्याच महिन्यांत आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आता फक्त वजन सांभाळा. ते काही जयवंताबाई मनावर घेत नाहीत. त्याला अलीकडं ऐकू कमी येतं, त्यांनाही. संध्याकाळी दोघं टीव्ही मोठ्यानं लावून शेजारी शेजारी बसतात. वंदना आतून 'आवाज कमी करा' म्हणून ओरडत राहते, पण दोघांपैकी एकही मान वळवत नाही.